दिवे मालवल्यानंतरचे महिने

२९ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर मुंबई सिटी एफसी हा आपल्या महानगराचा संघ ५-० अशा फरकाने पराभूत झाला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची त्या वर्षीची वाटचाल तेथेच थांबली. अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील फुटबॉल मैदान हे या संघाचे माहेर. तेथील प्रकाशझोत त्या वर्षात लीगच्या सामन्यासाठी पुन्हा लागले नाहीत. ते का लागले नाहीत, ही पुढची हकिगत आहे. त्याआधी, दर वर्षी हे दिवे मालवल्यानंतर खेळाडू काय करतो, प्रेक्षक काय करतो आणि उपनगरातील मुले काय करतात, ते पाहिले पाहिजे. कारण सामन्याची बातमी सर्वत्र छापून येते; दोन हंगामांमधल्या महिन्यांची मात्र कोणीच नोंद ठेवत नाही.

आपल्या वाचकांना चार महिने एका जागी थांबण्याची कल्पना नवी नाही. फुटबॉलपटूचा थांबण्याचा काळही साधारणतः उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत येतो. साम्य एवढ्यावरच सोडू. खेळाडूचे थांबणे हे निव्वळ देहाचे शास्त्र आहे आणि ते मोठे काटेकोर आहे.

एका सामन्याच्या नव्वद मिनिटांत मधल्या फळीतील खेळाडू दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. हे अंतर तो एका लयीत धावत नाही. थांबतो, वळतो, झेपावतो, पुन्हा थांबतो. सात-आठ महिने असे चालल्यावर गुडघे, घोटे आणि मांडीमागचे स्नायू यांवर जो ताण साचतो, तो उतरण्यास पहिले दोन-तीन आठवडे द्यावेच लागतात. या आठवड्यांत मिझोराम, मणिपूर, गोवा, केरळ येथील खेळाडू आपापल्या गावी जातात. चेंडूला पायही लावू नये, असे पुष्कळ प्रशिक्षक बजावून सांगतात. परंतु विश्रांती लांबली की दुसरीच अडचण उभी राहते. सराव पूर्णपणे बंद ठेवला तर दोन ते चार आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो. स्नायूंची ताकद त्या मानाने अधिक काळ टिकते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात पोहणे, सायकल, सावकाश धावणे आणि वजने उचलणे यांवर भर असतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भल्या पहाटे फिरावयास जाणाऱ्यांना चढावर धावणारी तरुण मुले भेटतात, त्यांतील काही जणांचा हाच टप्पा चालू असतो.

या काळातील एक व्यायाम आवर्जून सांगण्याजोगा आहे, कारण त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. गुडघ्यांवर उभे राहावयाचे, सोबत्याने मागून दोन्ही घोटे घट्ट धरावयाचे आणि पाठ सरळ ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यावयाचे. पडणे जितके लांबवता येईल तितके लांबवायचे. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. मांडीमागचा स्नायू फाटणे ही फुटबॉलमधील अतिपरिचित दुखापत. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत तिचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे अभ्यासांतून दिसले आहे. चटई आणि एक मित्र एवढ्या सामग्रीवर दिवाणखान्यातही तो होतो.

शेवटचा टप्पा प्रत्यक्ष पूर्वतयारीचा, साधारणपणे सहा आठवड्यांचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व कळेल. हे सहा आठवडे पुढून मोजीत नाहीत, मागून मोजतात. पहिल्या सामन्याची तारीख दिनदर्शिकेत लाल शाईने नोंदवायची आणि तेथून मागे येत येत कोणत्या आठवड्यात किती धाव, कोणत्या आठवड्यात मैत्रीपूर्ण सामने, कोणत्या दिवशी पूर्ण सुटी हे ठरवावयाचे. सर्व घडी त्या एका तारखेवर बसविलेली असते.

या साऱ्याचा उपयोग काय, याचे उत्तर अंधेरीच्याच मैदानाने एकदा दिले आहे. १७ मार्च २०१९ रोजी लीगचा अंतिम सामना येथे झाला. बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही, जादा वेळ सुरू झाला, पाय जड झाले, आणि ११७ व्या मिनिटाला राहुल भेके या बचावपटूने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. भेके हा मुंबईत जन्मलेला, मुंबई एफसीकडून खेळलेला, पुढे मुंबई सिटीचेही कपडे चढविलेला खेळाडू. ११७ व्या मिनिटाला उंच उडी मारण्याचे बळ मार्च महिन्यात कमावता येत नाही. ते आदल्या पावसाळ्यात साठवून ठेवावे लागते.

पण हे झाले व्यावसायिकांचे. मुंबईच्या फुटबॉलची खरी गंमत अशी की, व्यावसायिकाचा सुटीचा काळ हाच येथील सर्वसामान्य खेळाडूचा हंगाम असतो.

याचे कारण क्रिकेट. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत मैदानावर खेळपट्ट्यांचे राज्य असते. जूनमध्ये मोसमी पाऊस आला की खेळपट्ट्या झाकल्या जातात, गवत वाढते, चिखल होतो, आणि मैदान फुटबॉलला मोकळे होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरीने सव्वादोन हजार मिलीमीटरांहून अधिक पावसाची नोंद होते. एवढ्या पावसात क्रिकेट खेळण्याचा हट्ट फक्त कांगा लीगने धरला. बाकी पावसाळा फुटबॉलचा. १८९३ साली स्थापन झालेल्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या फुटबॉल स्पर्धा पावसाळ्यातच रंगतात आणि उपनगरांतील मुले बूट पिशवीत कोंबून लोकलने आझाद मैदानाकडे धावतात. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्याही याच सुमारास होतात.

म्हणजे ज्या दिवसांत मुंबई सिटीचा खेळाडू समुद्रकाठी पाय मोकळे करीत असतो, त्याच दिवसांत घाटकोपर पूर्वेच्या आचार्य अत्रे मैदानावर किंवा मुलुंडच्या संभाजी मैदानावर चिखलाने माखलेली मुले कोण कोणत्या बाजूचा हेही ओळखू येऊ नये अशा अवस्थेत चेंडूमागे असतात. चिखलात चेंडू घरंगळत नाही, अडकतो. त्यामुळे तो उचलून मारावा लागतो, तोल सांभाळावा लागतो, घोट्याला बळ येते. कोरड्या सपाट हिरवळीवर शिकलेल्या मुलापेक्षा चिखलात शिकलेला मुलगा अंगाने चिवट निघतो, असे जुने प्रशिक्षक मानतात. मला ते पटते. मात्र चेंडू जमिनीलगत खेळविण्याची नजाकत चिखलात येत नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही पाहिजे.

ती दुसरी बाजू आता टर्फवर भागते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या चारही ठिकाणी गेल्या काही वर्षांत कृत्रिम गवताची छोटी मैदाने निघाली आहेत; काही तर इमारतींच्या गच्चीवर. तासावर भाडे, चोहोबाजूंनी जाळी, पाच-पाच किंवा सहा-सहा जणांचा खेळ. कार्यालयातून सुटलेले तरुण रात्री अकरा वाजताही तेथे खेळताना आढळतात. हे टर्फ नसते तर उपनगरांतील निम्मा फुटबॉल केव्हाच संपला असता, कारण मोकळी मैदाने उत्सवांना आणि मंडपांना जातात. नवरात्रात बोरिवली-घाटकोपरला चेंडू टाकायला जागा मिळत नाही. तक्रार एकच की मैदान फुकट होते आणि टर्फ फुकट नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्या मुलाला पावसाळी मैदानावाचून गत्यंतर नाही.

येथे आयांना आणि वडिलांना दोन सूचना. पहिली बुटांविषयी. भिजलेले बूट उन्हाअभावी पाच-पाच दिवस वाळत नाहीत आणि ओल्या बुटांनी बोटांमध्ये चिखल्या होतात. बुटांतील आतली पट्टी काढून वेगळी ठेवावी, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि दर काही तासांनी बदलावेत. पंख्याखाली रात्रीत काम होते. शेगडीजवळ ठेवू नये, तळ सुटतो. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. तुंबलेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग पायांवरील जखमेवाटे होऊ शकतो. महानगरपालिका दर पावसाळ्यात याबाबत इशारा देते आणि अशा पाण्यातून गेलेल्यांनी चोवीस ते बहात्तर तासांच्या आत वैद्यकीय सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध सुरू करावे असे सांगते. मुलाचे ढोपर सोलवटले असेल तर चिखलातला सामना त्याने सोडावा. घरी आल्याबरोबर साबणाने पाय धुणे ही सक्ती असावी. आणि पुढे ताप, अंगदुखी दिसली तर तो चिखलात खेळला होता हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

शाळांच्या क्रीडाशिक्षकांसाठीही एक गोष्ट नमूद करतो. फिफाने तयार केलेली ‘अकरा प्लस’ नावाची पंधरा व्यायामांची मालिका आहे. वीस मिनिटे लागतात, साहित्य लागत नाही, आणि सरावाआधी आठवड्यातून दोनदा केली तरी दुखापती बऱ्याच घटतात. आपल्याकडील मुले मात्र मैदानावर पोचल्याबरोबर थेट गोलकडे चेंडू मारू लागतात. तो मोह मोडणे अवघड आहे, ठाऊक आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. जैन कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी फुटबॉल मन लावून खेळू लागली की घरात एक शंका हमखास निघते, ‘आपल्या आहारावर हे कसे निभावणार?’ कधी प्रशिक्षकही अजाणता ती शंका वाढवतो, अंडी सांगतो, उकडलेला बटाटा सांगतो, रताळे सांगतो. शंकेत तथ्य नाही. खेळाडूला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलाला ६० ते १०० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच शेंगदाण्यात २५, पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि एक पेलाभर दुधात सहा-सात. मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, दही, चणे आणि मूठभर दाणे एवढ्यात दिवसाचा हिशेब बसतो. धावण्याच्या ताकदीसाठी कंदमूळच हवे असेही नाही. भात, पोहे, ज्वारीची भाकरी आणि केळे तेच काम करतात. सुनील छेत्रीने कारकिर्दीच्या उत्तरार्धात मांसाहार सोडून वनस्पतीजन्य आहार स्वीकारल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, आणि चाळिशीत पोचेपर्यंत तो खेळत राहिला. इंग्लंडचा बचावपटू ख्रिस स्मॉलिंग याने तर दूधही वर्ज्य केले होते.

अडचण अन्नाची नसून वेळेची आहे. जून अखेरीस मुंबईत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. ज्या घरात रात्रिभोजनत्याग पाळला जातो, तेथील मुलाने रात्री नऊचा टर्फ घेतला तर खेळून आल्यावर पोटात काही जात नाही, आणि चौविहार असेल तर पाणीही नाही. अशा खेळाने स्नायू भरत नाहीत, झिजतात. त्याने सकाळचा किंवा शाळा सुटताच होणारा सराव निवडावा. सहाला मैदान सोडले तर सातच्या आत दूध, केळे आणि जेवण होते. पर्युषणात किंवा एरवीही उपवासाच्या दिवशी जोराचा सराव टाळावा, हलके ताण देणारे व्यायाम पुरेत. व्रत कोणते आणि किती हा ज्या-त्या घराचा प्रश्न आहे. प्रशिक्षकाला मात्र त्याची आधी कल्पना द्यावी. मुले हे सांगायला लाजतात आणि मग भर उन्हात चक्कर येऊन पडतात. पालकांनी एक चिठ्ठी लिहिली तर काम भागते.

आता प्रेक्षक. त्याला तयारी कसली, असे वाटेल. तिकीट काढले की झाले. अंधेरीच्या मैदानावर सज्जात उभे राहून नव्वद मिनिटे गाणारा, ढोल वाजविणारा जो गट आहे, ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’, त्याच्याकडे पाहिले की ही समजूत दूर होते. फुटबॉलच्या निष्ठावंत प्रेक्षकांची सुटी जगात सगळीकडे साधारण एकाच चालीने जाते. जुने झेंडे धुऊन, दुरुस्त करून ठेवायचे. नव्या फलकांसाठी कापड आणायचे, ते एखाद्या सोसायटीच्या वाहनतळावर किंवा गच्चीवर अंथरायचे, आणि रंग वाळेपर्यंत पावसापासून राखायचे. नवी गाणी जुळवायची. कोण खेळाडू राहिला, कोण गेला, त्याप्रमाणे जुन्या गाण्यांतील नावे बदलायची. हे नावे बदलण्याचे काम वाटते तितके सोपे नाही, कारण दोन अक्षरी आडनावाच्या जागी पाच अक्षरी आडनाव आले की चाल मोडते. आपापसांत टर्फवर सामने खेळायचे. ऑगस्टमध्ये युरोपातील हंगाम सुरू झाला की रात्री जागून ते पाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी आठ-सदतीसच्या लोकलमध्ये डुलक्या घ्यायच्या.

या प्रेक्षकांना एकत्र आणण्यात मेट्रोचा वाटा मोठा आहे, याची कोणी फारशी दखल घेतलेली नाही. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीगही सुरू झाली. मुंबई सिटी आधी नव्या मुंबईत खेळत असे. २०१६ पासून ती अंधेरीला आली. मुलुंडचा मुलगा मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरतो, तेथे मेट्रोत चढतो आणि आझादनगर स्थानकावर उतरून चालत मैदानात पोचतो. पूर्वी मुलुंडहून अंधेरीला सायंकाळच्या सामन्यास जाणे म्हणजे बसने रस्त्यावरील गर्दीत दीड-दोन तास अडकणे होते. बोरिवलीकरांना पश्चिम रेल्वे होतीच. आता दहिसरहून बोरिवलीमार्गे येणारी मेट्रोही डी. एन. नगरला सोडते. पूर्व आणि पश्चिम उपनगरे एका सज्जात उभी राहू लागली ती अशी.

सुटीच्या काळातच या मैदानाने आपली सर्वांत संस्मरणीय रात्र पाहिली, हा एक योगायोग. १ जून २०१८ रोजी भारताने अंधेरीत चायनीज तैपेईला ५-० असे हरविले, छेत्रीने तीन गोल केले, आणि हे पाहण्यास केवळ २,५६९ प्रेक्षक होते. क्लबांचा हंगाम संपलेला, पाऊस तोंडावर आलेला. लोकांनी फुटबॉल गुंडाळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून हात जोडून विनविले की मैदानावर या. टीका करा, शिव्या द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. सर्व तिकिटे संपली. पाऊस कोसळत होता, मैदानात पाणी साचले होते, चेंडू जागीच थबकत होता, आणि भारताने ३-० ने सामना जिंकला. त्यातील दोन गोल छेत्रीचे. त्या रात्री छत्र्या मिटून भिजत उभे राहिलेल्यांतील कित्येक जण त्यानंतर अंधेरीचे नियमित प्रेक्षक झाले.

उलटही घडले आहे. मुंबई सिटीने आपले पहिले विजेतेपद १३ मार्च २०२१ रोजी मिळविले ते गोव्यात, रिकाम्या मैदानात. करोनामुळे तो संपूर्ण हंगाम बंद दाराआड झाला. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला तेव्हा सात वर्षे वाट पाहणारा प्रेक्षक आपापल्या घरी दूरचित्रवाणीपुढे होता. शेजाऱ्यांना न उठविता आनंद कसा करावा, हा प्रश्न त्या रात्री पुष्कळांना पडला असेल.

आता त्या २०२५ च्या पावसाळ्याकडे येतो.

जुलै उजाडला, पूर्वतयारीचे दिवस आले. ११ जुलै रोजी लीग चालविणाऱ्या कंपनीने क्लबांना कळविले की पुढचा हंगाम तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१० साली झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, त्याचे नूतनीकरण झालेले नव्हते, आणि महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. हंगाम उशिरा सुरू होणार, असे कोणी म्हटले नव्हते. केव्हा सुरू होणार हेच कोणाला ठाऊक नव्हते. काही क्लबांनी सराव थांबविला, बेंगळुरूने तर खेळाडूंचे वेतनही थांबविले.

वर सांगितलेली लाल शाईची तारीख आठवावी. ती तारीखच नसेल तर मागून मोजायचे कोठून? खेळाडूने पहिल्या टप्प्यात राहावे, दुसऱ्यात जावे की तिसरा सुरू करावा? सदैव सज्ज राहणे हा त्यावर उपाय नाही. सहा आठवड्यांत शिखरावर नेलेले शरीर तेथे फार काळ थांबत नाही, ते उतरते किंवा दुखावते. ज्यांच्यापाशी नाव आणि पैसा होता त्यांनी स्वतःचे व्यायामतज्ज्ञ नेमले. एकोणीस-वीस वर्षांच्या, पहिलाच करार झालेल्या मुलांची सोय कोणी पाहावी? त्यांच्या घरातून ‘बँकेची परीक्षा दे’ असे सांगणारे शब्द आले असतील तर त्या घरांना दोष देता येणार नाही. आपणही तेच सांगितले असते.

मुंबईच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना या स्थगितीने जी धडकी भरली ती उगीच नव्हती. या शहराने न संपलेल्या सुट्या पाहिल्या आहेत. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक कूपरेजवर शतकभर खेळला गेला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकून लष्करी गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडली, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस विजेते होते. २०००-०१ च्या स्पर्धेनंतर तो पुन्हा झाला नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० साली विसर्जित झाला. २००७ साली निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि मग तोही गेला. भारताचे विद्यमान प्रशिक्षक खालिद जमील हे या दोन्ही संघांतून खेळलेले. त्यांची नेमणूक याच विचित्र पावसाळ्यात, १ ऑगस्टला झाली. त्यांच्या हाताखाली येणाऱ्या बहुतेक खेळाडूंपुढे तेव्हा लीगच नव्हती.

१९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनेला मान्यता दिली. ऑक्टोबरात गोव्यात सुपर कप सुरू झाला. मुंबई सिटी उपांत्य फेरीत पोचली आणि डिसेंबरात गोव्याच्या संघाकडून हरली. त्यामुळे काही आठवडे चेंडू फिरला, पण मग पुन्हा थांबला. दरम्यान ७ नोव्हेंबरची मुदत उलटली तेव्हा लीग चालविण्यासाठी मागविलेल्या निविदेस एकही बोली आली नव्हती. १४ डिसेंबरला लिओनेल मेस्सी मुंबईत आला. वानखेडे मैदान भरून वाहिले. मेस्सीला पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. तरीही ज्या आठवड्यात आपल्या लीगचे नाव घेण्यास कोणी पुढे येत नव्हते, त्याच आठवड्यात महागडी तिकिटे काढून हजारो लोक एका पाहुण्याचे दर्शन घेण्यास गेले, हे दृश्य अंधेरीच्या सज्जातील नेहमीच्या प्रेक्षकाला बोचले असणार. डिसेंबर संपता संपता सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी मालकाने २०१९ साली घेतलेला मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडल्याचे जाहीर झाले. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासह देशातील खेळाडूंनी फिफाला चित्रफितीतून साकडे घातले, की आता आपणच लक्ष घाला. साडेसात वर्षांपूर्वी छेत्रीने प्रेक्षकांपुढे हात जोडले होते. या वेळी प्रेक्षक होते, सामनाच नव्हता.

अखेरीस ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी घोषणा केली. चौदाही क्लब खेळणार. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे संघागणिक तेरा सामने, एकंदर ९१. प्रारंभ १४ फेब्रुवारीला.

दिनदर्शिकेत लाल खूण झाली. व्यायामतज्ज्ञांनी त्या खुणेपासून मागे मोजायला घेतले. बेचाळीस दिवस हवे होते. हाती एकोणचाळीस आले.